खोली तळमजल्यावरचीच हवी

आमच्या घरात दोन दिवस बाहेर जायची बोलणी सुरू झाली की 'कुठे जायचं' यावर अख्खी संध्याकाळ जाते. तोरणमाळ, सापुतारा, महेश्वर, मांडू, पाल, पाटणादेवी, फर्दापूर अशी जळगावहून जमण्यासारखी सगळी नावं एकेक करून निघतात. कोण कुठे आधी जाऊन आलंय त्याच्या आठवणी निघतात आणि मग जेवायची वेळ होते. 'राहायचं कुठे' हा प्रश्न मात्र ताटं उचलता उचलता मिटतो. ज्याच्या हातात मोबाईल असेल तो चार फोटो दाखवतो, 'हे बरं दिसतंय' असं कुणीतरी म्हणतं आणि बुकिंग होऊन जातं. मोठ्या प्रवासात हे चालून जाईल. पंधरा दिवसांच्या सहलीत एखादा मुक्काम वाईट निघाला तरी दुसऱ्या दिवशी गाव बदलतं. दोन दिवसांच्या सुट्टीत मुक्काम बिघडला की सुट्टीच बिघडली. म्हणून मी आता आधी राहायची जागा शोधते आणि मग तिच्या आसपास काय बघता येईल ते बघते.

साधा हिशोब करून पाहा. बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी बाराला किंवा दोनला ताब्यात मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. म्हणजे एका रात्रीचे पैसे भरून हातात येतात वीस-बावीस तास. त्यातून झोप, अंघोळी, बॅगा उघडणं आणि परत भरणं वजा केलं की उरते एक संध्याकाळ. त्यासाठी चार तास जायचं आणि चार तास यायचं, हे मला पटत नाही. दोन रात्री, एकाच छताखाली, घरापासून चार तासांच्या आत, एवढं जमलं तरच निघावं. 'वाटेत हेही बघून घेऊ' असं म्हणत तीन गावं जोडली की लहान मूल गाडीत रडतं, म्हाताऱ्या माणसाचे पाय सुजतात आणि सोमवारी कामावर जाताना सगळे आधीपेक्षा जास्त दमलेले असतात.

खान्देशात तर सुट्टीला दिवसही थोडेच मिळतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो, तेव्हा शाळा बंद असतात खऱ्या, पण दिवसा रस्त्यावर निघायची सोय नसते. जूनमध्ये पेरण्या. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. तुळशीचं लग्न लागलं की लग्नतिथी सुरू. मग मोकळ्या उरतात त्या मधल्या फटी, श्रावण-भाद्रपदातले जोडून आलेले चार दिवस आणि डिसेंबर-जानेवारीतली थंडी. इतक्या मुश्किलीने मिळालेले दिवस कुठल्या तरी कोंदट खोलीत घालवायचे नसतील, तर शोधायला थोडा वेळ द्यायलाच हवा.

आमच्या घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे जिजी म्हणतात. त्यांना मधुमेह आहे, गुडघे दुखतात, पण बाहेर जायची हौस दांडगी. विचारलं की त्यांचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं, "माले जिना चढता येत नही, बाकी कोठेबी चालस." धाकटा चार वर्षांचा आहे. आमच्यासारखंच बहुतेक घरांचं असतं, एक टोक सत्तरीच्या पुढे आणि दुसरं टोक पाचाच्या आत. राहायची जागा या दोन टोकांवरून पारखावी असं मला वाटतं. मधली माणसं कुठेही निभावून नेतात. त्यांना जिना चालतो, थंड पाणी चालतं, उशिरा जेवण चालतं. ज्या जागी सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस नीट झोपलं, वेळेवर जेवलं, त्या जागी बाकीच्यांना वेगळं काही करावं लागत नाही.

'फॅमिली' हा शब्द तर आपल्याकडे प्रत्येक पाटीवर असतो. महामार्गावरच्या ढाब्यालाही फॅमिली विभाग असतो. हॉटेलच्या जाहिरातीत झोपाळा, घसरगुंडी, निळ्या पाण्याचा तलाव दाखवला की आपण समजतो, मुलांची सोय आहे. पण मुलाची सोय म्हणजे काय, हे मला विचाराल तर संध्याकाळी सात वाजता मऊ वरण-भात मिळणं. आपल्याकडची शेवभाजी आणि ठेचा मोठ्यांना कितीही आवडो, चार वर्षांचं पोर त्या रश्श्याकडे बघूनच रडायला लागतं. स्वयंपाकघर साडेआठला सुरू होणार असेल, तर तोवर ते बिस्किटं खाऊन झोपून गेलेलं असतं आणि रात्री दोनला भुकेनं उठतं. घसरगुंडीवर ते दहा मिनिटं खेळतं. वरण-भाताचं काम रात्रभर पुरतं.

जिजींच्या बाजूने विचार केला की प्रश्न बदलतात. नाश्ता आठला की साडेआठला, हा त्यांच्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्यांची सकाळची गोळी खाण्याच्या आधीची आहे, आणि गोळी घेतल्यावर वेळेवर पोटात काही गेलं नाही तर घाम फुटतो, हात थरथरतात. पहाटे साडेपाचला उठायची सवय असलेल्या माणसाने आठपर्यंत काय करायचं? मग आदल्या रात्री थर्मासमध्ये चहा भरून मिळेल का, सकाळी सातला दोन पोळ्या आणि दूध मिळेल का, हे विचारून घ्यावं लागतं. न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का, कमोड आहे का, धरायला दांडा आहे का. शॉवर सुंदर असतो, पण जिजींना बादली, मग आणि बसायला स्टूल लागतं. गरम पाणी दिवसभर येतं की सकाळी ठरावीक वेळेतच, हेही. सौर बंब असेल तर पावसाळ्यात दुसरी काय सोय आहे, ते विचारायचं. आणि खोली कोणत्या मजल्यावर, हे सगळ्यात आधी.

तळमजल्याचा आग्रह गुडघ्यांसाठी आहेच, त्याला खान्देशातलं आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी संपत आला की इथे सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नये. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. एसी चालू असतो, पण पहाटेपर्यंत खोली थंड होत नाही. त्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही. जनरेटर आहे का, आणि तो एसीचा भार घेतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारावेत.

आणखी एक गोष्ट फक्त इथल्या माणसाला सुचेल. आपल्याकडे जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या गावांत बरीच मोठी हॉटेलं आणि लॉन्स शेजारी शेजारी असतात, पुष्कळदा मालकही एकच. एकदा आम्ही अशाच एका हॉटेलात उतरलो. फोटोत खिडकीबाहेर हिरवळ दिसत होती. ती हिरवळ लग्नाची होती. संध्याकाळपासून डीजेच्या आवाजाने खिडकीची काच थरथरत होती, धाकट्याने दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि जिजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही असा नियम २००० सालापासून आहे आणि त्या रात्री तो पाळलाही गेला. पण दहानंतर गाड्या निघणं, भांडी आवरणं, मंडप सोडणं सुरू झालं ते मध्यरात्र उलटेपर्यंत. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तिथी आहे ना आज." त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघते. त्या तारखांना लग्नतिथी दाट असतील तर लॉन्स जवळ असलेली जागा सोडून देते. हा सल्ला कुठल्याही हॉटेल निवडायच्या ॲपवर मिळणार नाही.

ॲपवरचे अभिप्राय मी वाचते, पण माझ्या पद्धतीने. पाच तारे देणाऱ्यांचं 'छान, मस्त, पुन्हा येऊ' यातून काही कळत नाही. तीन तारे देणारा माणूस सगळ्यात उपयोगाचा, कारण त्याला काय आवडलं आणि काय खटकलं दोन्ही तो लिहितो. पाहुण्यांनी स्वतः काढलेले न्हाणीघराचे फोटो शोधते. ज्या ऋतूत जायचंय त्याच ऋतूतले अभिप्राय बघते. तोरणमाळच्या जागेबद्दल मेमध्ये कुणी काय लिहिलं त्याचा ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला काही उपयोग नाही. आणि तक्रारीला मालकाने काय उत्तर दिलंय ते तर नक्कीच वाचते. 'त्या दिवशी मोटार बिघडली होती, दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली' असं लिहिणारा मालक आणि 'तुम्ही खोटं बोलताय' असं लिहिणारा मालक यांच्या घरात राहण्यात फार फरक पडतो.

एवढं झालं की फोन करायचा. माझ्या मते खरी निवड या फोनवर होते. बुकिंग ॲपवरून करायचं असलं तरी आधी तिथल्या माणसाशी बोलून घ्यावं. मोठ्या हॉटेलात फोन उचलणाऱ्याला दर पाठ असतात, पण पायऱ्या किती आहेत ते माहीत नसतं. 'लिफ्ट आहे ना मॅडम' म्हणतो, आणि लिफ्टपर्यंत जायलाच सहा पायऱ्या असतात. छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या जागेत फोन मालक किंवा मालकीणबाई उचलतात. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतातल्या घरात दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या एका बाईंना मी असाच फोन केला होता. मी विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आजींना खाली बसता येतं का? आमच्याकडे पंगत जमिनीवर असते, नसेल जमत तर ओसरीवर टेबल लावून ठेवते." मग म्हणाल्या, "लहानग्याला रात्री उठायची सवय आहे का? मग आतली खोली देते, न्हाणीघर तिला लागून आहे. बाहेरच्या खोलीतून अंगण ओलांडून जावं लागतं." मी जे प्रश्न कागदावर लिहून बसले होते, त्यातले निम्मे त्यांनीच संपवले. त्यांनी किती पैसे सांगितले ते नंतर आलं. त्या घरात नळाला पाणी सावकाश येत होतं आणि पंखा जुना होता, तरी जिजी दोन्ही रात्री शांत झोपल्या. सकाळी मी उठले तेव्हा त्या दोघी ओसरीवर बसून पापड्या-कुरडयांच्या गोष्टी करत होत्या आणि जिजींच्या हातातला चहा अर्धा संपलेला होता.

पैशांचंही फोनवरच स्पष्ट करून घ्यावं. दर कर धरून आहे की वेगळा, हे पहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, आधी तो १२ टक्के होता. त्याच्या वरच्या खोल्यांना १८ टक्के लागतो. ज्या घरांना जीएसटी नोंदणी लागू नाही त्यांचा प्रश्नच नाही. पण बिलात जुना दर लावलेला दिसला तर विचारायचा हक्क आपल्याला आहे. दुसरं, मुलांचं. किती वर्षांपर्यंत मूल फुकट, जादा गादीला किती, आणि फुकट म्हणजे नाश्तासुद्धा धरून की फक्त झोपायला, याचे नियम प्रत्येक जागी वेगळे. पाच माणसांच्या कुटुंबाला एका खोलीत दोन जादा गाद्या टाकून कोंबण्यापेक्षा मधलं दार असलेल्या दोन साध्या खोल्या पुष्कळदा त्याच पैशांत पडतात. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणाऱ्यांना दिवा मालवावा लागत नाही आणि लवकर झोपणाऱ्यांची झोप मोडत नाही. सगळ्यांची ओळखपत्रं, जिजींच्या आधारकार्डासकट, सोबत असू द्यावीत.

आता 'बुटीक' हॉटेलांबद्दल. लंडनमधलं १९७८ सालचं ब्लेक्स आणि न्यूयॉर्कमधलं १९८४ सालचं मॉर्गन्स ही या प्रकारची सुरुवातीची हॉटेलं मानतात. खोल्या मोजक्या, प्रत्येक खोलीची मांडणी निराळी, आणि सगळीकडे एका माणसाच्या आवडीची छाप. आपल्याला सगळ्यात जवळ, मनानेही जवळ असणारं या जातीचं उदाहरण म्हणजे महेश्वर. धुळ्याहून शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा करत धामनोदला वळलं की थोड्या वेळात नर्मदा दिसते. अहिल्यादेवींनी जिथून राज्य चालवलं त्या किल्ल्यातल्या घराच्या एका भागाचं होळकर वंशजांनी हॉटेल केलं आहे. त्या भिंतींच्या आत राहणं ही मोठीच गोष्ट आहे, दरही तसेच. पण अशा कुठल्याही जुन्या वाड्यात किंवा गढीत राहायला जाताना मुलांचा विचार करावाच लागतो. दगडी पायऱ्या उंच असतात, गच्चीचा कठडा बुटका असतो, उंबरठे ठेचा लागतील असे, आणि हाताला येतील अशा जागी काचेच्या-पितळेच्या वस्तू मांडलेल्या असतात. त्या जागेचं सौंदर्यच त्यात आहे. पण तिथे आई पूर्ण वेळ मुलाच्या मागे धावत असते आणि जिजींना उंबरठ्यापाशी दर वेळी कुणीतरी हात द्यावा लागतो. काही छोटी हॉटेलं तर ठरावीक वयाखालची मुलं घेतच नाहीत, आणि तसं आधीच सांगतात ते चांगलं करतात.

आम्ही महेश्वरला गेलो तेव्हा राहायला नदीकाठची साधी, सपाट जागा घेतली. किल्ला आणि घाट बघायला सकाळी ऊन चढायच्या आधी गेलो आणि 'रेहवा' या हातमाग संस्थेत मागावर साडी विणताना मुलांनी बराच वेळ पाहिलं. घाटाच्या पायऱ्या जिजी उतरल्या नाहीत. वर बसून त्यांनी नर्मदेला हात जोडले. लहान मुलं मोठी होतील, तेव्हा त्या किल्ल्यात एक रात्र राहायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. नवराबायकोने दोघांनीच जायचं असेल तर या प्रकारच्या हॉटेलासारखं दुसरं काही नाही. कुटुंब घेऊन जाताना मात्र मी सजावटीच्या आधी जमीन बघते. ती सपाट हवी.

एका प्रकाराबद्दल मला जरा जोर देऊनच बोलायचं आहे. हल्ली स्वयंपाकघरासकट अख्खा बंगला भाड्याने मिळतो. दोन-तीन कुटुंबं मिळून घेतली की माणशी स्वस्त पडतो आणि पुरुषमंडळी खूश असतात, 'आपलं आपण करून खाऊ'. ते 'आपण' कोण असतं? पहाटे उठून बारा माणसांचा चहा, मग पोहे, मग दुपारचं वरण-बट्टी, कारण 'इथे निवांत आहे तर बट्ट्या करू या की'. बट्ट्यांचा गोळा मळणं, वाफवणं, तळणं यात बायकांची अख्खी दुपार जाते. रात्री भरीत. भांडी घासायला बाई येणार असते, ती येत नाही. रविवारी संध्याकाळी परत निघताना नणंदेच्या हाताला कांद्याचा वास असतो आणि तिने बंगल्यासमोरचं तळं खिडकीतूनच पाहिलेलं असतं. घरचं जेवण मलाही हवं असतं. पण ते दुसऱ्या कुणीतरी, पैसे घेऊन, मान ठेवून केलेलं हवं. बंगला घ्यायचाच असेल तर स्वयंपाकी धरूनच घ्यावा आणि त्याचे पैसे आधी बाजूला काढावेत. घरातली जी बाई वर्षभर सगळ्यांच्या वेळा सांभाळते, तिला दोन दिवस कुणी 'चहा झाला का' असं विचारू नये, ही सुट्टीची पहिली अट मी मानते. जिजींनी सत्तरी गाठेपर्यंत अशी सुट्टी घेतलेली नव्हती.

जागांबद्दल थोडं सांगते, कारण जागेप्रमाणे मुक्कामाच्या गरजा बदलतात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. शहाद्याहून वर चढताना शेवटची वळणं अवघड आहेत, गाडी लागणारं मूल असेल तर पोटभर जेवून निघू नये. पावसाळ्यात यशवंत तलाव, सीताखाई सगळं ढगात असतं आणि अंथरुणंही ओलसर लागतात, म्हणून जादा चादरी घरून न्याव्यात. राहायच्या जागा थोड्या, मोबाईलला रेंज भरवशाची नाही, म्हणून जेवणाचं आधीच सांगून ठेवावं लागतं. ऐनवेळी जाऊन 'काय आहे' विचारलं तर डाळ-भातावर निभावावं लागतं. त्याची तयारी असेल तर खान्देशात तोरणमाळइतकी शांत जागा नाही.

अजिंठा खान्देशाच्या हद्दीबाहेर, पण जळगावहून साठेक किलोमीटर. बहुतेक लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात, आणि भर दुपारी लेण्यांत पोचतात. घरात म्हातारं माणूस असेल तर आदल्या रात्री फर्दापूरला मुक्काम करावा. खाजगी गाड्या तिठ्याशी थांबवून पुढे बसने जावं लागतं, त्यात वेळ जातो. सकाळी नऊला लेणी उघडताना तिथे असलं तर ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. डोलीवाले मिळतात. चार माणसं खुर्ची उचलून नेतात आणि पायऱ्यांवरही ती तिरकी होऊ देत नाहीत. जिजी आधी नको नको म्हणत होत्या, नंतर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर किती तरी वेळ उभ्या राहिल्या. सोमवारी लेणी बंद असतात. शनिवार-रविवारला सोमवार जोडून सुट्टी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

चाळीसगावजवळची पाटणादेवी आम्हाला मोठ्या मुलीमुळे आवडली. गौताळा अभयारण्याच्या कुशीतलं चंडिकादेवीचं जुनं देऊळ आणि भास्कराचार्यांच्या गणिताच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला त्याचा १२०७ सालचा शिलालेख, एवढं तिला सांगितल्यावर गणित नावडणारी ती पोर दगडावरची अक्षरं बोटाने गिरवायला लागली. तिथे राहण्यापेक्षा चाळीसगावात राहून सकाळी लवकर जाणं आम्हाला सोयीचं पडलं. रावेर तालुक्यातल्या पाल गावचं जंगल आणि सुकी नदी मात्र मुक्काम करूनच बघायला हवी, आणि तिथल्या वनविभागाच्या विश्रामगृहासाठी बरेच दिवस आधी विचारणा करावी लागते.

हे सगळं फिरताना एक गोष्ट सारखी मनात येते. पाहुण्याला घरात घेऊन जेवू घालायचं आपल्याला नव्याने शिकावं लागणार नाही. थंडीत शेतावर भरिताचा बेत असतो तेव्हा काय होतं? काट्याकुट्यांच्या आगीवर बामणोदकडची मोठी हिरवी वांगी भाजतात, सोलून लाकडाच्या भांड्यात हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचतात, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून तेलात परततात, शेजारी कळण्याची भाकरी. म्हाताऱ्यांसाठी बाज टाकलेली असते, पोरं केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात खेळत असतात, आणि नव्याने आलेल्या माणसाला कुणी परकं ठेवत नाही. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला दोन्हींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालापासून आहे. तरी रावेर-यावलच्या पट्ट्यात, जिथे मैलोन् मैल केळी आहे, शेतात राहता येईल अशा चांगल्या जागा फार थोड्या दिसतात. आपले लोक पुण्या-मुंबईकडच्या शेतघरांत जाऊन पिठलं-भाकरीचे पैसे देतात, आणि इकडे खापरावरचे मांडे करणारी हातं आहेत ती फक्त अक्षय्य तृतीयेला चालतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि हे बदलायला फार भांडवल लागत नाही असंही वाटतं. झोपाळा नसला तरी चालेल. तलाव तर नकोच, पाण्याची टंचाई सगळ्यांना माहीत आहे. स्वच्छ न्हाणीघर, जाड भिंती, वेळेवर जेवण आणि फोनवर खरं सांगणारं माणूस, एवढ्यावर ते घर चालेल.

माझ्या नणंदेच्या सासरी, रावेरजवळ, शेतात जुनं माळवदाचं घर आहे. मालकांचे वडील होते तोवर तिथे राबता होता, आता त्यात ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती असतात. यंदा दिवाळीत ती म्हणाली, "वहिनी, दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढाव्यात म्हणतोय आम्ही. वरच्या माडीवरून सातपुडा दिसतो, तिथेच करू ना?" मी तिला म्हटलं, माडी पुढच्या वर्षी कर. आधी खालची पडवीला लागून असलेली खोली घे, न्हाणीघर तिला जोडून बांध, दारात पायरी ठेवू नकोस आणि भिंतीला दांडा लाव. पहिल्या पाहुण्या म्हणून जिजींना घेऊन येते. जानेवारीत, वांगी चांगली असतील तेव्हा.